हा नकाशा डांबरी रस्त्यांचा आहे

बसा. अहवालावर चौघांची नावं आहेत, म्हणजे चौघांनीही ऐकायचं. 'सह्याद्रीतील घाणेरीचा धोका : एक अवकाशीय अभ्यास' असं झोकात शीर्षक दिलंत, गुळगुळीत कागदावर रंगीत नकाशे छापलेत. छपाईला पैसे घातलेत तेवढा वेळ विचाराला घातला असता तर मला आज घसा कोरडा करावा लागला नसता.

पहिल्याच ओळीत म्हणता, 'जगात ३७ हजार आक्रमक प्रजाती आहेत.' जैवविविधतेवरच्या आयपीबीईएस या आंतरसरकारी मंचाचा २०२३चा अहवाल उघडून पाहिला होता का कुणी? माणसाने मूळ प्रदेशाबाहेर नेलेल्या आणि तिथे रुजलेल्या प्रजाती ३७ हजारांहून जास्त आहेत, असं तो सांगतो. त्यांतल्या साडेतीन हजारांवर प्रजाती नुकसान करतात असा पुरावा आहे. आक्रमक म्हणायचं ते त्यांना. बाकीच्या नुसत्या परक्या. तुमच्या डब्यातली मिरची परकी, बटाटा परका, टोमॅटोही परका. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एवढा फरक कळू नये?

तिसऱ्या परिच्छेदात गाजरगवत 'पीएल-४८०च्या गव्हातून आलं' असं ठोकून दिलंय. सगळे म्हणतात, म्हणून तुम्हीही म्हणता. पुण्यातल्या या गवतावर राव यांचा लेख १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पीएल-४८० या अमेरिकी धान्य-कायद्याखालचा भारताचा पहिला करार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. गहू बोटीत चढायचा होता आणि गवत इथे फुललेलं होतं. त्याआधी १९५१ सालीही अमेरिकेतून धान्य आलं होतं. त्यातून आलं असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण पुराव्यासकट. प्रस्तावनेत ऐकीव गोष्ट चालवून घेतली की पुढे आकडेही ऐकीवच येतात.

आता नकाशा. घाणेरीच्या नोंदी तुम्ही जीबीआयएफ या जागतिक नोंदसंग्रहावरून उतरवल्यात. बऱ्याचशा नोंदी हौशी निसर्गप्रेमींनी फोनवरून टाकलेल्या. त्यांच्याबद्दल मला तक्रार नाही, ते बिचारे काही तरी करतात. तक्रार तुमच्याबद्दल आहे. तुमचे काही बिंदू अरबी समुद्रात पडलेत. घाणेरी आता खाऱ्या पाण्यातही वाढू लागली काय? एक बिंदू थेट वनस्पतिसंग्रहालयाच्या इमारतीवर बसलाय, कारण नमुना जिथे ठेवलाय तो पत्ता तुम्ही नमुना जिथे गोळा केला तो पत्ता समजलात. आणि पिवळी फुलं दिसली म्हणून कॉसमॉसला सोनकी म्हणणारे लोक टेकड्यांवर दर पावसाळ्यात भेटतात. घाणेरीच्या नोंदींतही अशा चुका असू शकतात; त्यांतला एक तरी फोटो मोठा करून पाहिलात का?

हे झाले किरकोळ गुन्हे. मोठा गुन्हा पुढे आहे. तुमच्या नकाशात धोक्याचा लाल रंग कुठे आहे? लोणावळ्याला, सिंहगडाच्या वाटेवर, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याला, कासच्या रस्त्याला, आंबोलीला. म्हणजे शनिवार-रविवारी जिथे गाड्या थांबतात तिथे. आणि जावळीच्या आतल्या खोऱ्यांत सगळं फिकट. त्यावर तुमचा निष्कर्ष, 'या भागात प्रादुर्भावाची शक्यता कमी.' धोका कमी आहे की तिथे फोन घेऊन फिरणारा माणूस कमी आहे? हा नकाशा घाणेरीचा नव्हे, डांबरी रस्त्यांचा आहे.

मॅक्सएंट नावाचं जे सॉफ्टवेअर तुम्ही वापरलंत, ते फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या पद्धतीवर चालतं. त्याला फक्त 'इथे आहे' एवढ्याच नोंदी लागतात, 'इथे नाही' अशा लागत नाहीत. ही त्याची सोय आहे आणि तिथेच आळशी माणूस फसतो. तुलनेसाठीचे बिंदू तुम्ही सगळ्या सह्याद्रीतून डोळे मिटून उचललेत. ते उचलायला हवे होते जिथे इतर झुडपांच्या नोंदी झाल्यात तिथून, म्हणजे रस्त्याचा पक्षपात दोन्ही पारड्यांत सारखा पडला असता आणि थोडाफार तरी वजा झाला असता. वर्गात हे शिकवलं होतं. त्या दिवशी हजेरी चौघांचीही लागलेली आहे.

तुमचा एयूसी, म्हणजे मॉडेल किती बरोबर ओळखतं त्याचा आकडा, ०.९४ आला म्हणून तुम्ही तो ठळक अक्षरांत छापलाय. कसा आला तो? सगळे बिंदू एकत्र मिसळले, काही शिकवायला ठेवले, काही तपासायला. शिकवायचा बिंदू आणि तपासायचा बिंदू एकाच वळणावर, शंभर पावलांवर. आदल्या रात्री पेपर फुटला तर सगळ्या वर्गाला असेच गुण पडतात. प्रदेशाचे मोठे तुकडे पाडा. एक अख्खा तुकडा बाजूला ठेवा, बाकीच्यांवर मॉडेल शिकवा आणि त्या न पाहिलेल्या तुकड्यावर तपासा. मग किती उरतो ते मला दाखवा. कमी आला तर लाजू नका, तो आकडा निदान खरा असेल.

हवामानाचे थर एक किलोमीटरच्या चौकोनांचे घेतलेत. चौकोन बारीक आहेत म्हणून त्यातली माहितीही बारीक आहे असं समजू नका. मोजकी केंद्रं आणि मधला सगळा हिशेब. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाईला हजाराच्याही आत, आणि सरळ रेषेत अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. एकाच चौकोनात कडा असतो, घळ असते, देवराई असते, उघडा कातळ असतो. त्या कातळावरही तुम्ही लाल रंग ओतलाय, कारण पाऊस आणि तापमान जुळतं. माती आहे का हे कुणी विचारलं नाही.

आणि मुख्य म्हणजे, घाणेरी अजून पसरते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्यात आली. आज वाघांच्या अधिवासातल्या ४० टक्क्यांहून जास्त जंगलात ती असल्याचा अंदाज २०२०च्या अभ्यासात आहे. जी वनस्पती अजून चालते आहे ती एखाद्या ठिकाणी नाही, याचे दोन अर्थ होतात : तिथे तिला जमत नाही, किंवा ती अजून पोचलेली नाही. तुमचं मॉडेल दुसरी शक्यता धरतच नाही.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांवरचा सुंदरम आणि हिरेमठ यांचा अभ्यास वाचा. सगळ्या जंगलावर दोन-दोन किलोमीटरची जाळी टाकून १३४ प्लॉट आखलेले. १९९७ साली त्यांतल्या ४१ टक्के प्लॉटमध्ये घाणेरी होती. २००८ साली त्याच जागी पुन्हा जाऊन मोजलं तर ८१ टक्क्यांत. मोठेपण कशात आहे? जिथे घाणेरी नव्हती ते प्लॉटही नोंदवून ठेवलेले होते, म्हणून अकरा वर्षांनी काय बदललं ते सांगता आलं. तिथले सोलिगा लोक काय म्हणतात तेही त्यांनी विचारलं. सोलिगा सांगतात की पूर्वी उन्हाळा लागायच्या सुमाराला पालापाचोळ्याला हलकी आग लावत, अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली आणि घाणेरी माजली. त्यांचं सगळंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही. आगीवर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण आग हा मुद्दा कुठल्याही हवामान-थरात नव्हता, तो माणसांकडे होता. तुमच्या अहवालात एकाही धनगराचा, एकाही गुराख्याचा शब्द नाही. गाव हा शब्दसुद्धा फक्त नकाशाच्या सूचीत आहे.

शेवटी शिफारशी. 'घाणेरी यंत्राने कापून तिथे देशी झाडे लावावीत.' नुसती कापली तर ती बुडातून दुप्पट फुटते. सी. आर. बाबू यांच्या गटाने दाखवलेली पद्धत अशी, की जमिनीखाली मुळाचा फुटवा देणारा भाग तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. त्यानंतरही बुलबुल, साळुंक्या बिया टाकत राहतात, म्हणून पुढे वर्षानुवर्षं रोपं उपटावी लागतात आणि मोकळी जागा गवताने भरावी लागते. हे पैसे कोण देणार, एक ओळ नाही. आणि झाडं कुठे लावताय? तुम्ही लाल केलेला निम्मा भाग गवताळ माळ आहे. माळ म्हणजे झाडं तोडून उजाड झालेली जागा, हा समज सरकारी कागदांत 'पडीक' म्हणून बसलाच आहे, त्यात तुमची भर नको. पुण्याच्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून असंच गिरिपुष्प लावलं गेलं. वेताळ टेकडीवर आज ते पाहून या.

तुम्ही म्हणाल, विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे, कोण वाचतंय? तुमचा नकाशा कुणीतरी सादरीकरणात चिकटवेल, दुसरा कुणी त्यावरून कुठे तोडायचं आणि कुठे लक्ष द्यायचं नाही ते ठरवेल. फिकट दाखवलेल्या खोऱ्यात घाणेरी शिरेल तेव्हा तिथे निधी नसेल, कारण तुम्ही धोका कमी म्हणाला होतात.

अहवाल परत न्या. जावळीच्या खोऱ्यांत उतरा. एसटीने जा, पुढे चालत. जाळी आखा, रस्त्यापासून लांबचे प्लॉट आधी घ्या. घाणेरी नसलेला प्लॉट वहीत तितक्याच काळजीने लिहा. गुरं राखणाऱ्यांशी बोला, आणि बोलताना त्यांना शिकवू नका. तोवर या अहवालावर माझी सही मिळणार नाही.