थापटणं आणि आवा

तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची एक गोष्ट धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांच्या कानावर शाळेत जाण्याआधीच पडते. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईला कोपऱ्यात लाकडी थापटणं दिसलं. हे कशाला, असं तिनं विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं उत्तर मिळालं. मग इथली मडकीही तपासा, म्हणाली ती. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडकं कच्चं.

सांगणारे बहुधा इथंच थांबतात. पण गोष्टीचा अर्थ पुढच्या भागात आहे. दुखावलेले नामदेव पंढरपुरी तक्रार घेऊन गेले, तर विठ्ठलानंही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडलं. ज्याच्याशी प्रत्यक्ष देव बोलतो, त्यालाही गुरू लागतो, असं वारकरी परंपरा इथं बजावते. सत्य हाताशी असणं एक, त्यानं आपण आव्यातल्या मडक्यासारखं भाजून निघणं दुसरं.

वर्गात संगणक आल्यानं शिक्षण सुधारेल का, या प्रश्नाच्या तळाशी हाच जुना वाद आहे. ज्ञान म्हणजे मिळवायची वस्तू असेल, तर यंत्रासारखा दाता नाही. पण ज्ञान म्हणजे शिकणाऱ्यात घडणारा बदल असेल, तर तो बदल कोण घडवतं, हे पाहावं लागतं.

गुरूवाचून विद्या मिळते, याचा दाखला म्हणून एकलव्य नेहमी पुढे केला जातो. समोर मातीचा पुतळा, बाकी सगळा स्वतःचा सराव. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली, तेव्हा एकलव्यच आठवावा असं ते दृश्य होतं. मात्र यंत्र चालवता येणं आणि यंत्रातून शिकणं यांत अंतर आहे. २०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातल्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेले ५७ टक्के होते, समाजमाध्यमांवर गेलेले ७६ टक्के.

म्हणून यंत्राचा पडदा निरुपयोगी ठरत नाही. तेरचंच पाहा. प्राचीन काळी ‘तगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा रोमशी व्यापार होता. इथं सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत मिळाली. ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरच्या शाळेतल्या मुलीला गावचं लामतुरे संग्रहालय पायी गाठता येतं, नेपल्स कधी गाठता येणार? दोन्ही मूर्ती शेजारी-शेजारी ठेवण्याचं काम पडदाच करू शकतो. त्या पाहून ‘ही तिकडं गेली कशी?’ असं मुलीनं विचारलं, तर तो धडा सार्थकी लागला.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट उसळली. गावोगाव लोकवर्गणी निघाली, प्रोजेक्टर आले, टीव्ही आले. गावानं शाळेसाठी हात सैल सोडला, ही मोठी गोष्ट होती. पण वस्तू आली म्हणजे विद्या आली, असं मात्र कुठंच घडलेलं नाही. पेरू देशानं खेड्यापाड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. गुजरातेतल्या एका प्रयोगात तर संगणकानं शिक्षकाच्या तासाची जागा घेतली तेव्हा मुलं कमी शिकली आणि तोच संगणक शाळेबाहेरच्या वेळात जोड म्हणून आला तेव्हा जास्त शिकली.

यश आलं ते निराळ्या वाटेनं. २०१५ मध्ये दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीची परीक्षा झाली. तिथली सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. संगणकानं त्यांना सहावीचं पुस्तक दाखवलंच नाही. प्रत्येक मूल कुठं अडलंय ते हुडकलं आणि तिथूनच उदाहरणं दिली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत स्पष्ट प्रगती झाली. पण रोजच्या दीड तासातला अर्धाच वेळ संगणकाचा होता. उरलेला अर्धा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटाबरोबर एक माणूस बसत असे.

थापटणं म्हणतात ते हेच. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक मडक्याचा आवाज ऐकायला एकटा शिक्षक कमी पडतो. यंत्र न कंटाळता ऐकतं, मुलाला चारचौघांत लाजवतही नाही. आपल्याकडे मात्र बहुतेकदा पडद्याला प्रवचनाला बसवलं गेलं.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीची शाळा जगाला ठाऊक झाली ती क्यूआर कोडमुळे. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतल्या कोडांमागे कवितांचे आवाज, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली. पण सुरुवातीला शाळेत त्यांनी एक वेगळी गोष्ट केली होती. पुस्तकाची भाषा मुलांची नव्हती; घरी कन्नड बोललं जायचं, असं सांगितलं जातं. म्हणून त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली. कोड नंतर आले.

धाराशिवच्या वाशी, कळंब, भूम या तालुक्यांत यंत्र आधी की माणूस, हा प्रश्न दिवाळीच्या सुमारास दरवर्षी नव्यानं उभा राहतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहांत राहतात, बाकीची आईबापांच्या कोयत्यासोबत फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, जातात. हंगाम संपून पट्टा पडल्यावर ती परततात तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो. अशा पोराच्या हातात टॅब दिला, तर पाचवीतल्या या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे दहा मिनिटांत कळेल. हा निकाल खरा आणि गरजेचा. त्यावर तो नामदेवांसारखा चिडेलही, बाक सोडून उठेल, उद्यापासून यायचं नाही असं ठरवील. त्या वेळी त्याच्या मागं दारापर्यंत जाणारं कुणी शाळेत आहे का, हे बघायला हवं; कारण जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा भरण्यापेक्षा टॅबची खरेदी लवकर होते.