तीच स्कूटर

गेल्या वर्षी दसऱ्याला स्कूटर धुऊन अंगणात उभी केली. हॅण्डलला झेंडूचा हार घातला. हळदीकुंकवाचं ताट घेऊन वाकलो, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, यातलं आजोबांच्या वेळचं काय राहिलंय?" पोरगा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे, यंत्र कळणारा आहे. त्याने मनापासून विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

हिशेब मलाच पाठ आहे. तात्यांनी ही बजाज चेतक १९७९ साली घेतली, नंबर लावून, काही वर्षं वाट बघून. तेव्हापासून ब्लॉक-पिस्टन दोनदा बदलले. कार्बोरेटर, मॅग्नेटची कॉइल, गद्दी, दोन्ही डिक्क्या, पुढचं मडगार्ड सगळं नवं. पायाखालचा पत्रा गंजून त्यातून रस्ता दिसायला लागला, तेव्हा भवानीनगरला तो कापून नवा वेल्डिंग करून घेतला. पुढे तर इंजिनच बदललं आणि आर.सी. बुकात तशी नोंद करून घेतली. रंग तिसरा आहे.

या गाडीच्या घडणीतच हा प्रश्न बसलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या पोंतेदेरा गावचा पिआज्जिओचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. त्यानंतर एन्रिको पिआज्जिओने कोरादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याला साधी दुचाकी करायला सांगितली. एप्रिल १९४६ मध्ये त्या दुचाकीचं, म्हणजे व्हेस्पाचं, पेटंट दाखल झालं. दास्कानिओला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूच्या दांड्यावर धरलं, इंजिन मागच्या चाकाला चिकटवलं, साखळी काढून टाकली. आणि सांगाडाच ठेवला नाही. मोटारसायकलला आत हाडं असतात, वर कातडं. व्हेस्पात दाबून घडवलेला पत्राच सगळा भार सोसतो. देह वेगळा आणि आधार वेगळा, असं तिथे काही नाही. बजाजने १९६० च्या सुमारास परवान्यावर हीच गाडी आपल्याकडे बनवायला घेतली, तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. घडण तीच राहिली.

पायांपुढची मोकळी जागा तात्यांना फार प्रिय होती, कारण ते शेवटपर्यंत धोतर नेसत. इटलीतही तसंच झालं. मोटो गुझी कंपनीने १९५० साली गॅलेटो काढली. तिला मोटारसायकलची मोठी चाकं होती आणि बसायची सोय स्कूटरची. लांब झगा घालणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या पाद्र्यांना ती सोयीची वाटली. तिकडे झगा, इकडे धोतर. असं लांब वस्त्र असणाऱ्याला टांग टाकून बसणं नको असतं.

गाडी तीच का, याचं सरकारचं उत्तर सोपं आहे: चेसिस नंबर. री-पासिंगच्या वेळी त्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासतात. तेव्हा मी शेजारी उभा होतो. काळ्या रेघांतून एकेक आकडा पांढरा होऊन वर येत होता, आणि मला जुना माणूस ओळखू यावा तसं वाटलं. पण नंबर ठोकलाय तो पत्र्याचा हातभर तुकडा. तेवढ्याला मी हळदीकुंकू वाहतो का?

मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने हेच विचारलं होतं. तू रथातून आलास, मग रथ कोणता? आस म्हणजे रथ का? चाकं का? जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला आणि उरलं फक्त नाव. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवांहून निराळा अवयवी खरोखर असतो. पण तेच पुढे म्हणतात, वस्त्रातला एक धागा काढला की जुनं वस्त्र गेलं, हाती आहे ते नवं. त्या हिशेबाने तात्यांची स्कूटर कितीतरी वेळा मेली. नुसतं नाव धरून बसावं तर तेही पुरत नाही. बारामतीत २०१२ पासून व्हेस्पा बनते, गिअर नसलेली, फोर-स्ट्रोक. २०२० पासून चेतक बॅटरीवर धावते. नावं तीच आहेत, पण त्यांपैकी कुणाला मी तात्यांची म्हणणार नाही.

माझं उत्तर मला देवळात सापडलं. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. रात्री दोन ते चारचा पहारा मी बरीच वर्षं केला आहे. दोनला आधीचा वीणेकरी आपल्या पाया पडतो, आपण त्याच्या पडतो, आणि तो आपल्या गळ्यातली वीणा काढून सरळ आपल्या गळ्यात घालतो. ती क्षणभरही खाली ठेवत नाहीत. माणसं बदलतात, सप्ताह एकच असतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. दर आषाढी वारीत ती काटेवाडीवरून सणसरला मुक्कामी येते, तेव्हा रथाला बैल नवे असतात, खांदे नवे असतात. तरी पालखी वेगळी आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळं एकदम बदलत नाही. जुनं असताना नवं येतं, आणि धरणारा हात सुटत नाही. तीच म्हणजे हे.

एक शंका मलाही छळत होती. तात्या गेल्यावर आठ महिने स्कूटर गोठ्यात पोत्याखाली पडून होती. तेव्हा धागा तुटला का? मी आठवून पाहिलं. दर सोमवारी आई ते पोतं झटकायची आणि परत नीट घालायची. वीणा वाजत नव्हती, पण खाली ठेवलेली नव्हती. पुढे एका सकाळी स्कूटर तिरकी केली, चोक ओढला, आणि नवव्या किकला ती सुरू झाली. आई दारात येऊन उभी राहिली होती.

यंदाच्या दसऱ्याला मी पुतण्याला म्हणालो, "बाळा, तीच आहे." त्याने मान डोलावली, पटलं की नाही ते कळलं नाही. परवा बेलवाडीला जाताना क्लच वायर तुटली. नवी वायर त्याने घातली, आणि जुनी टाकून न देता गुंडाळून डिकीत ठेवली.