ऐकू न येणाऱ्यापर्यंत शब्द पोहोचविणे



दिव्य कुरआनात अल्लाहने मानवाला आपल्या देणग्यांचे स्मरण करून दिले आहे. तेथे श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण यांचा उल्लेख वारंवार एकत्र येतो. सूरह अन्-नहलच्या ७८ व्या आयतीचा आशय असा की, मातेच्या उदरातून आलेले मूल काहीच जाणत नसते. त्याने कृतज्ञ व्हावे म्हणून त्याला कान, डोळे आणि हृदय देण्यात आले. या क्रमात कान प्रथम आहे. अजान कानावर पडते, खुतबा कानांनी ऐकला जातो, इमामांची किरअत कानावाटेच हृदयात उतरते.

ही देणगी वयाबरोबर क्षीण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषावर उपचाराची वा साधनांची गरज आहे. साठी ओलांडलेल्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक लोकांचा दोष दैनंदिन जीवनात अडथळा ठरण्याइतका असतो. बोनकोडे, कोपरखैरणे, घणसोली या भागाला लागूनच ठाणे-बेलापूर मार्गावरील कारखान्यांचा पट्टा आहे. यंत्रांच्या सततच्या आवाजाने कानाच्या आतील सूक्ष्म पेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. ज्यांनी अशा घरघरीत राबून कुटुंबे पोसली, त्यांचे कान हे त्या कष्टाचे मोल आहे.

असे एखादे बुजुर्ग श्रवणयंत्र लावून जुम्यासाठी मस्जिदीत येतात. ध्वनिक्षेपक मोठ्याने चालू असतो. आपण समजतो, त्यांना ऐकू येत असेलच. वस्तुतः श्रवणयंत्र कानाजवळचा प्रत्येक आवाज मोठा करते: पंख्याची घरघर, कुणाचे खोकणे, गुळगुळीत फरशीवरून आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी. या गलबल्यात इमामांचे शब्द विरघळून जातात. आवाज मोठा असणे आणि शब्द स्पष्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खुतबा चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही व्यर्थ बोलणे ठरते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून ‘काय म्हणाले?’ असेही त्यांना विचारता येत नाही. ते मौन पाळतात, दोन रकअत अदा करून घरी जातात. तक्रार करीत नाहीत, म्हणून आपल्याला काही उणे वाटत नाही.

या अडचणीवर इंडक्शन लूप नावाचा उपाय अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. इमामांच्या माइकचा आवाज एका विशेष ॲम्प्लिफायरमधून सभागृहाभोवती, गालिच्याखालून फिरविलेल्या तारेत सोडला जातो. त्या तारेभोवती आवाजानुसार बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. अनेक श्रवणयंत्रांत टेलिकॉइल नावाचे छोटे वेटोळे असते. ते हे क्षेत्र ग्रहण करून त्याचा पुन्हा आवाज करते. यंत्र ‘टी’ या स्थितीत नेले की पंखे आणि प्रतिध्वनी मागे पडतात. दहाव्या सफीतील कान जणू इमामांच्या माइकशी जोडला जातो. इतरांना यातून काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या झोपेलाही बाधा पोहोचत नाही. ब्रिटनमध्ये अनेक प्रार्थनागृहांत, नाट्यगृहांत, तिकीट खिडक्यांवर आणि लंडनच्या काळ्या टॅक्सींतही ही सोय आहे.

कोणी म्हणेल, मस्जिदीत हा नवा प्रकार कशाला? उत्तर सुन्नतमध्येच आहे. प्रेषित (स.) प्रथम खजुराच्या खोडाला टेकून खुतबा देत. लोकांना ते दिसावेत आणि त्यांचे बोलणे ऐकू यावे, या हेतूने तीन पायऱ्यांचा मिंबर करण्यात आला. अखेरच्या आजारात प्रेषितांचा (स.) आवाज क्षीण झाला, तेव्हा माननीय अबू बक्र (रजि.) यांनी तकबीर मागच्या लोकांपर्यंत पोहोचविली. मिंबर आणि मुकब्बिर ही त्या काळची साधने होती. हेतू एकच होता, शब्द शेवटच्या माणसापर्यंत जावा. माननीय अबू जर (रजि.) यांच्या एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) सदक्याचे अनेक दरवाजे सांगितले आहेत. आंधळ्याला वाट दाखविणे आणि बहिऱ्याला समजेपर्यंत ऐकविणे, हे त्यांतलेच दोन. ‘समजेपर्यंत’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. आवाज कानावर आदळला म्हणजे कर्तव्य संपले, असे तेथे म्हटलेले नाही.

मस्जिदीच्या विश्वस्तांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सिमेंट-काँक्रीटमधील लोखंडी सळ्या चुंबकीय क्षेत्र दुर्बल करतात, म्हणून तारेची मांडणी जाणकाराकडून मोजमाप करूनच व्हावी. गालिचा बदलण्याची वेळ ही तार टाकण्याची उत्तम वेळ होय. स्त्रियांचा कक्ष वेगळा असल्यास तेथेही तार न्यावी. श्रवणदोष केवळ पुरुषांच्या वाट्याला येत नाही. सजद्यात मान झुकल्यावर टेलिकॉइलची दिशा बदलून आवाज मंद होतो. तेव्हा शेजारच्या नमाजीची हालचाल साहाय्यक ठरते. खुतबा आणि कियाम यांत मात्र लाभ पूर्ण मिळतो. दाराशी कान आणि ‘टी’ अक्षराची खूण लावावी, अन्यथा सोय असूनही कुणाला कळणार नाही.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. यंत्र घेताना त्यात टेलिकॉइल आहे का आणि ते चालू करून दिले आहे का, हे विचारावे. कानाच्या पोकळीत बसणाऱ्या अगदी लहान यंत्रांत ते बहुधा नसते. वांद्रे येथे १९८३ पासून वाक् व श्रवण दिव्यांगजनांसाठी राष्ट्रीय संस्थान कार्यरत आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे श्रवणाची तपासणी होते. वडील तपासणी टाळत असतील, तर लाज वाटू न देता त्यांना सोबत न्यावे. कुरआनने मातापित्यांना ‘उफ’ही म्हणण्यास मनाई केली आहे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना आपल्या कपाळावर पडणारी आठी ही त्या ‘उफ’ची सख्खी बहीण आहे.

आपण मिनारांसाठी, झुंबरांसाठी, संगमरवरासाठी उदारहस्ते देणग्या देतो. गालिच्याखालची तार कुणाला दिसणार नाही, तिच्यावर देणगीदाराचे नावही कोरता येणार नाही. परंतु जोवर एखादा वृद्ध तिच्यामुळे अल्लाहची वाणी ऐकत राहील, तोवर तिचे पुण्य वाहत राहील, अशी आशा आपण बाळगू शकतो.

हे अल्लाह! आमच्या कानांना सत्य ऐकण्याची आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचविण्याची आम्हाला सद्बुद्धी दे. आमीन.