रविवारची शर्यत



रविवारी पहाटे पौड रस्त्याने भूगाव-पिरंगुटच्या बाजूला गेलात, तर रंगीत टी-शर्ट घातलेले धावपटू चढ चढताना दिसतात. त्यांत आपल्या धर्मग्रामातलेही काही जण आहेत. आठवडाभर हिंजवडीत संगणकापुढे बसणारे, कारखान्यात पाळीला जाणारे, पन्नाशी ओलांडलेल्या एकदोन भगिनीसुद्धा. कोणी पुण्याची मॅरेथॉन धावतो, कोणी साताऱ्याचा यवतेश्वर घाट, तर कोणी सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरातली शर्यत.

त्यांच्याविषयी माझ्याकडे तक्रार येते. "फादर, हे लोक शर्यतीसाठी पहाटे तीनला उठतात, पण मिस्साला साडेसातला येत नाहीत." (तक्रार करणाऱ्यांपैकी काही जण स्वतः प्रवचन संपल्यावर आत येतात, ते असो.) तक्रार खोटी नाही. आपल्याकडील बहुतेक शर्यती रविवारी सकाळीच असतात, कारण रस्ते तेव्हाच मोकळे मिळतात.

धावण्याला चर्चचा विरोध नाही, हे आधी सांगतो. संत पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला झाडपाल्याचा मुकुट मिळे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने हाच दाखला घेतला आहे. धावपटूचा संयम त्याला आवडतो. प्रश्न तो फक्त मुकुटाचा करतो, कोमेजणारा की न कोमेजणारा? खुद्द व्हॅटिकनमध्ये २०१९ साली 'अॅथलेटिका व्हॅटिकाना' हा क्रीडासंघ अधिकृतपणे सुरू झाला. त्यात धर्मगुरू आणि स्विस गार्डही धावतात.

आपल्यातील एका धावपटूने मला सांगितले, "फादर, घाटात धुके असते, आजूबाजूला कोणी नसते, मला देव तिथेच भेटतो." मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. मुळशीचे डोंगर देवानेच घडवले आहेत. पण म्हणून मिस्साची गरज उरत नाही, हे मला पटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडा. तिथे एक शर्यत आहे आणि तीही रविवारी पहाटेची. मरिया मग्दालिया धावत येऊन सांगते की कबर रिकामी आहे. पेत्र आणि येशूचा प्रिय शिष्य, ज्याला परंपरेने आपण योहान म्हणतो, दोघे धावत सुटतात. योहान पुढे जातो आणि आधी पोचतो. वाकून पाहतो, तागाची वस्त्रे दिसतात, पण आत जात नाही. मागून पेत्र येतो, कदाचित धापा टाकत. तीनच दिवसांपूर्वी त्याने प्रभूला नाकारले होते. त्याची पावले जड असतील तर नवल नाही. तो आत जातो आणि मगच योहान आत जातो, पाहतो आणि विश्वास ठेवतो. योहान का थांबला, हे शुभवर्तमानात दिलेले नाही. आधी पोचलेला दारात थांबला, एवढेच दिले आहे.

आमच्या धावपटूंना हे नवे नाही. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली सुरू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. पहिल्या वर्षी ३४ जण धावले, १६ जणांनी ती पुरी केली. आता पुण्या-मुंबईचे धावपटूही तिथे जातात. बारा तास झाले की एक जण अंतिम रेषेकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. एका पावलाने चुकलेल्यालाही पदक नाही. म्हणून काही अनुभवी धावपटू मागच्यांचा घोळका बरोबर घेऊन ठरलेल्या गतीने धावतात. त्या घोळक्याला तिथे 'बस' म्हणतात. बस चालवणारा एकटा धावला असता तर पुष्कळ आधी पोचला असता.

मिस्सा ही अशी बस आहे. तिथे गुडघे दुखणाऱ्या आजी असतात, रडणारी बाळे असतात, श्रद्धा डळमळलेली माणसे असतात. घाटात ज्याला देव भेटला, त्याची जागा बाकावर रिकामी राहते तेव्हा नुकसान त्या आजींचेही होते. आणि कित्येकदा घरच्यांचेही. नवरा शर्यतीला आणि बायको दोन मुलांना सांभाळत एकटी शेवटच्या बाकावर, हे मला वेदीवरून दिसते.

तेव्हा शर्यत सोडा असे मी म्हणत नाही. शनिवारी सायंकाळची मिस्सा चर्चच्या नियमानुसार रविवारचे कर्तव्य पूर्ण करते. आपल्याकडे ती साडेसहाला असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी कुटुंबासह या. तिच्या शेवटी धावणाऱ्यांना आशीर्वाद देईन.

आणि ज्या रविवारी शर्यत नसेल, त्या दिवशी एक काम आहे. पिरंगुट आणि पौडच्या बाजूचे काही वृद्ध वाहन नसल्यामुळे महिनोन्महिने मिस्साला येऊ शकलेले नाहीत. पहाटे उठायची सवय तुम्हाला आहेच. साडेसातच्या मिस्साला त्यांना गाडीने आणून परत सोडायचे आहे. नावे धर्मग्राम कार्यालयात द्यावीत.

आपला,
धर्मगुरू