नवी बॅटरी

पंचेचाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टींची स्वप्नं पडू लागतात : एक संन्यासाची आणि दुसरी मोटारसायकलीची. संन्यासासाठी बँक कर्ज देत नाही, म्हणून अस्मादिकांनी मोटारसायकल घेतली.

१९७८ सालची बुलेट. ३५० सीसी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. म्हणजे आयुष्यभर शिकलेलं सगळं उलटं. पण काळा रंग असा ताजा आणि झळझळीत, की त्यात माझं टक्कलसुद्धा होतकरू दिसलं. "बॅटरीचं काय?" मी जाणकारासारखं विचारलं. मालक म्हणाले, "मागच्याच आठवड्यात नवी टाकलीय. ही पावती." पावती पाहिली की बँकवाला विरघळतो. मी विरघळलो.

कन्याकुमारीला जायचं होतं. रंगीत तालीम म्हणून एका संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याला निघालो. अंधार पडला तसा दिवा लावला. त्याचा थोड्याच वेळात कंदील झाला, कंदिलाचं निरांजन झालं, आणि खंबाटकीच्या पायथ्याशी गाडीने दोनदा खोकून प्राण सोडला. दिव्याच्या डोक्यावर अ‍ॅमिटर असतो. त्याचा काटा उजवीकडे गेला तर बॅटरीत वीज जमा होतेय, डावीकडे गेला तर खर्च. माझा काटा पुण्यापासून डावीकडेच होता. मी बी.कॉम. आहे, नावे डावीकडे मांडतात एवढं ओळखून मी निश्चिंत राहिलो होतो.

टेम्पोत घालून गाडी घरी आणली. सौ. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काटा कुठल्या बाजूला असतो, हे ओळखायला मला मीटर लागत नाही.

रविवारी मिस्त्री आला. त्याने इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावला. सहा व्होल्टची बॅटरी. इंजिन चालू असताना आकडा सातच्या आसपास चढायला हवा. तो सहावरून खाली उतरत होता. म्हणजे मूळ गल्ल्यातून नुसती उचल चाललेली, भरणा शून्य. इंजिनबरोबर फिरणारं चुंबक ठीक, त्याच्याभोवतीची तारेची वेटोळी ठीक. वीज तयार होत होती. ती एकाच दिशेने वळवून बॅटरीत पाठवणारा रेक्टिफायरही ठीक. मग त्याने रेक्टिफायरचा बोल्ट सोडला आणि हसला. खाली जाड, सुंदर, काळा रंग! रेक्टिफायरची वीज गाडीच्या सांगाड्यातून फिरून येते. त्याला ही मंडळी अर्थ म्हणतात. रंगातून वीज जात नाही. मला ज्या रंगाने भुलवलं त्यानेच घात केला होता. रंग आला आणि अर्थ गेला!

मिस्त्रीने पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. मी खरडून खरडून लोखंड उघडं केलं. बोल्ट आवळला, किक मारली, आणि काटा उजवीकडे गेला. खर्च वीस रुपयांचा पॉलिश पेपर. मिस्त्रीची मजुरी वेगळी.

मग मी मालकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मी खोटं काय बोललो? बॅटरी नवीच होती. चार्जिंगचं तुम्ही विचारलंच नाहीत."

आता तुम्हीच सांगा, यात खोटं कुठलं वाक्य आहे? बॅटरी नवी होती. चार्जिंग होत नव्हतं म्हणूनच नवी होती! खोटं बोलायला निदान थोडी हिंमत लागते. खऱ्याने फसवायला नुसती पावती पुरते. अश्वत्थामा मेला असं धर्मराज म्हणाला तेव्हा त्या नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी ऐकणाऱ्याच्या कानात काय पोचलं ते पाहिलं.

हे सगळं मी सोमवारी काउंटरवर सहकाऱ्याला तावातावाने सांगत होतो. तेवढ्यात खिडकीशी आजी आल्या. चार वर्षांपूर्वी यजमान गेले, त्यांचे सगळे पैसे आजींच्या सेव्हिंग्ज खात्यात पडून आहेत. दर महिन्याला पासबुक भरून घेतात आणि विचारतात, "पैसे सुरक्षित आहेत ना हो?" मी दर महिन्याला सांगतो, "अगदी सुरक्षित, आजी." अक्षरशः खरं. मुदत ठेवीत ठेवले तर व्याज जास्त मिळेल, हेही खरं. पण ते सांगायचं म्हणजे फॉर्म, सह्या, वारसाचं नाव, आणि मागे लांबलेली रांग. शिवाय त्यांनी विचारलं कुठे होतं?

चार वर्षं मी त्या बाईंना नवी बॅटरी विकत होतो.

मी स्टूल ओढून त्यांना आत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

तुम्ही विचारलं नाहीत, हे वाक्य जिभेवर तयार होतं. गिळलं. फार कडू लागलं.

"चुकलं माझं, आजी."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. चार वर्षांच्या व्याजाचा हिशेब करत असाव्यात. मीही करत होतो.

"बरं, फॉर्म द्या," त्या अखेर म्हणाल्या. मग माझ्या नखांकडे पाहिलं. रविवारचं काळं अजून गेलं नव्हतं. "आणि आधी हात धुऊन या. कागदाला डाग पडतील."