सोडण्याचे सामर्थ्य

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ४:१५-१६



आज वैद्यकशास्त्र ज्याला 'स्नायू' म्हणते, त्यासाठी जुन्या करारात वेगळा असा रूढ शब्द नाही. इब्री भाषेत मांसाला 'बासार' आणि हाडांना जखडून ठेवणाऱ्या चिवट तंतूला 'गीद' म्हणतात. याकोबाच्या जांघेविषयी (उत्पत्ती ३२:३२) आणि यहेज्केलाने खोऱ्यात पाहिलेल्या शुष्क अस्थींविषयी (यहेज्केल ३७:६-८) लिहिताना 'गीद' हाच शब्द येतो. आपल्याकडेही सुश्रुताने शरीरातील ५०० पेशी आणि ९०० स्नायू वेगवेगळे मोजले. त्याची 'पेशी' म्हणजे आपला आजचा स्नायू, आणि त्याचा 'स्नायू' म्हणजे सांधे बांधणारा तंतू. भाषांतरकाराला अशा ठिकाणी शब्दकोश मिटून शरीरशास्त्राकडे वळावे लागते. तेथे जे आढळते, ते पौलाने मंडळीला दिलेल्या शरीराच्या दृष्टांतावर नवा प्रकाश टाकते.

आपल्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. इतके असूनही त्यांतील प्रत्येकाला एकच काम येते : ओढणे. कोणताही स्नायू ढकलू शकत नाही. दंडाच्या पुढील बाजूचा स्नायू आकुंचन पावला की कोपर वाकते. परंतु तेच कोपर सरळ करणे त्याला स्वतःला जमत नाही. त्यासाठी दंडाच्या मागील बाजूचा स्नायू लागतो. म्हणून निर्माणकर्त्याने त्यांच्या जोड्या लावल्या. एकाने ओढावे, त्या वेळी दुसऱ्याने सैल व्हावे. मग दुसऱ्याने ओढावे आणि पहिल्याने सैल व्हावे. आपण घास तोंडाकडे नेतो किंवा प्रार्थनेसाठी हात जोडतो, तेव्हा ओढणाऱ्याइतकाच वाटा सोडणाऱ्याचाही असतो.

स्नायूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता गडद आणि फिकट पट्टे दिसतात. त्यांत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकाआड एक रचलेले असतात. मायोसिनची इवलीशी टोके ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. ही पकड सुटण्यासाठी प्रत्येक वेळी एटीपी या ऊर्जाद्रव्याचा नवा कण यावा लागतो. तो न आल्यास पकड तशीच राहते. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठ होतो, त्याचे कारण हेच. प्रेताला अखेरचे स्नान घालणाऱ्यांना तो ताठरपणा ठाऊक असतो. तो बळाचा ताठरपणा नव्हे. सोडण्याची शक्ती संपल्याचा तो ताठरपणा होय.

जिवंत शरीरातही असे घडू शकते. धनुर्वातात जंतूंचे विष मज्जासंस्थेत शिरते आणि 'थांब' असे सांगणारा संदेश स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. मग परस्परविरुद्ध स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. म्हणूनच या रोगाला हे नाव पडले. रुग्णाच्या प्रत्येक स्नायूत जोर असतो, तरी त्याला पाण्याचा घोटही घेता येत नाही. आम्ही राहतो त्या बंगळुरात 'निम्हान्स' ही संस्था १९७४ पासून आहे. मज्जातंतू व स्नायू यांच्या विकारांनी पीडलेले लोक तेथे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. स्नायू कितीही धडधाकट असला, तरी आज्ञा नीट पोहोचत नसेल तर त्याचा उपयोग नाही, हे त्यांच्या घरच्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

प्रियजनहो, आपल्या मंडळ्यांचे दुखणे बहुधा अशक्तपणाचे नाही. पंचकमिटीत जोर आहे, तरुण संघात जोर आहे, महिला मंडळातही आहे. परंतु निवडणूक आली की दोन्ही बाजू एकाच वेळी ओढू लागतात. वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसलेल्याला ती सोडवत नाही. नव्याने आलेल्याला धीर धरवत नाही. मिळकतीचे दावे कोर्टात वर्षानुवर्षे चालतात आणि मंडळीचा जबडा मिटलेला राहतो. मग सुवार्ता कोणत्या मुखाने सांगायची? मस्तक जो ख्रिस्त, त्याने 'आता थांब' असे सांगितले नाही, असे नव्हे. ते आपल्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सैल होणे म्हणजे लुळे पडणे नव्हे. विश्रांतीतही निरोगी स्नायूत किंचित ताण असतोच, आणि जो स्नायू कधीच वापरला जात नाही तो झिजतो. सत्य, विश्वास आणि दुर्बलांची बाजू सोडण्यास शास्त्र कोठेही सांगत नाही. सोडायचा तो आपला आग्रह, आपले स्थान, आपला मान. गुराख्यांमध्ये तंटा झाला तेव्हा वडील असूनही अब्राहामाने निवडीचा हक्क लोटाला दिला (उत्पत्ती १३:८-९). त्यामुळे त्याचे वचनदत्त काही हरपले नाही.

डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मज्जातंतू निकामी झाल्याने तळहातातील लहान स्नायू मृतवत होत आणि बोटे नखीसारखी वळत. डॉ. ब्रँड एखाद्या सशक्त स्नायूची दोरी त्याच्या जुन्या जागेवरून सोडवीत आणि लुळ्या स्नायूच्या जागी जोडीत. जुने काम सोडलेला तो स्नायू दुर्बलाचे काम शिकत असे, आणि पुष्कळांची बोटे पुन्हा उघडत. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौल गलतीकरांना लिहितो (६:२), त्याचे याहून बोलके चित्र कोणते?

फिलिप्पैकरांस पत्र २:६ येथे ग्रीक भाषेत 'हार्पाग्मोस' हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी बळकावण्याचा, घट्ट धरण्याचा अर्थ आहे. देवाच्या बरोबरीचे असणे ख्रिस्ताने असे धरून ठेवले नाही. त्याने ते सोडले, आणि सोडल्यामुळेच त्याचे हात वधस्तंभावर आपल्यासाठी पसरले गेले. आपली मूठ ज्यावर आवळलेली आहे, ते या आठवड्यात एकांतात प्रभूपुढे ठेवा. ज्याच्याशी ओढाताण चालू आहे, त्याच्याकडे आधी आपण जा. ते स्वतःच्या बळाने होणार नाही. सोडण्यासाठीही जीवन लागते, आणि ते देणारा जिवंत आहे.

आमेन.