भीती आणि व्रत

मुलगा विलायतेस निघाला की माळकरी बाप आम्हांस हळूच म्हणतो, "महाराज, तिकडे गोमांस खाल्ले तर मेंदूचा रोग होतो म्हणतात. पोराला जरा तेवढे सांगा ना." पोराच्या गळ्यात माळ नाही. सांगून ऐकत नाही, तर निदान भिऊन तरी दूर राहील, हा बापाचा हेतू. हेतू चांगला, पण भिववावे की नाही, हे पाहिले पाहिजे.

रोग खोटा नव्हे बरे! १९८६ साली इंग्लंडात गाईंमध्ये तो ध्यानात आला. गाई थरथरत, अडखळून पडत. पसरला कशाने? मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी आंबोणात मिसळून गाईलाच चारीत! तृण खाणारीला स्वजातीचे मांस खाऊ घातले. १९९० मध्ये तिथले शेतीमंत्री जॉन गमर यांनी, गोमांस निर्धोक आहे हे लोकांस पटावे म्हणून, कॅमेऱ्यापुढे आपल्या चिमुरड्या मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला. आणि मार्च १९९६ मध्ये सरकारलाच पार्लमेंटात सांगावे लागले की, माणसांतला नवा मेंदूरोग बहुधा याच मांसातून आला. हा दोष शिजवूनही जात नाही. ब्रिटनमध्ये १७८ माणसे गेली, पुष्कळशी ऐन तारुण्यात. ४० लाखांवर जनावरे मारून टाकावी लागली.

यावर कोणी म्हणतात, पाहा गोमातेचा शाप! आम्हांस हे रुचत नाही. विशीतले लेकरू गेलेल्या आईपुढे उभे राहून हे म्हणता येईल काय? आणि जिचा शाप म्हणावयाचा, ती आपल्याच गावी उकिरड्यावर प्लास्टिकच्या पिशव्या चघळते आहे. असो.

पुढे चाऱ्याचे नियम कडक झाले, रोग जवळजवळ नाहीसा झाला. त्या काळी विलायतेत राहिलेल्यांचे रक्त अमेरिकेत घेत नसत. ती बंदीही २०२२ मध्ये उठली. तेव्हा आज 'खाशील तर मरशील' म्हणणे खोटे. नारदाच्या गादीवरून खोटे बोलायचे? पोर शिकलेले आहे. चार दिवसांत त्याला खरे कळेल, मग आमचे बाकीचे बोलही तो त्याच भावात काढील.

न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणून एक गोष्ट आहे. विस्तव तिथे धूर असतोच असे नाही. सरपण ओले असेल तर असतो. ते ओलेपण ही उपाधी. भीतीने सोडलेले अन्न असेच. भीती वाळली की सोडणेही संपले. माळ घालताना आपण जे सोडतो, ते निर्धोक आहे की नाही हे विचारतो काय? गाय निरोगी, मांस स्वच्छ, तरी जीव तो जीवच. धाकाने न खाणारा मनातून खातच असतो.

म्हणून आम्ही बापाला सांगतो, पोराला घेऊन या. माळेविषयी बोलू, रोगाविषयी नको. आणि जो माळकरी स्वतःच तिकडे जाईल त्याने एवढे करावे: जेलीत जिलेटीन आहे काय, बटाटे कशात तळले, हे विचारून घ्यावे. उत्तर इंग्लंडात गाईच्या चरबीत बटाटे तळणारी दुकाने अजून आहेत, आणि नुसते बटाटे पाहून ते कळत नाही.